गढीच्या दाराला लावलेलं तेल

लोकांच्या लहानपणी घराशेजारी पिठाची गिरणी असते, फार तर पोस्ट ऑफिस असतं. माझ्या घराशेजारी गढी होती. तीही कुठे, तर सौदी अरबस्तानात, हुफूफ शहराबाहेरच्या खजुराच्या बागांमध्ये. तिच्या दरवाजापासून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत माझी एकवीस पावलं. अरब लोक तिला कस्र म्हणत. बाबा गढी म्हणत, म्हणून आम्हीही गढीच म्हणायचो. ही हकिकत मी लग्नकार्यांत सांगितली आहे, एसटीच्या प्रवासात सांगितली आहे, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंडात कापूस असताना सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी थोडी वाढवली आहे. इथे वाढवणार नाही. कागदावर आलं की माणसाला जरा शिस्त लागते. शिवाय यातला जो भाग ऐकणाऱ्यांना हमखास वाढवलेला वाटतो, तोच नेमका मी वाढवलेला नाही.

बाबा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, होड्या बांधणाऱ्या घरातले. शेख अबू सालेह हा त्या सगळ्या बागांचा मालक आणि आमचा कफील, म्हणजे व्हिसासाठी जामीन राहिलेला मालक. त्याला पूर्वजांची पडकी गढी दुरुस्त करून पाहुण्यांना दाखवायची होती. आधीच्या कंत्राटदारानं मातीच्या भिंतीवर सिमेंट थापून ती आणखी बिघडवली होती. मग शेखला कुणीतरी सांगितलं, दम्मामला एक हिंदी सुतार आहे, जुनं लाकूड नुसतं ठोकून ते कुठे कुजलंय ते सांगतो. शेखनं बाबांना आणलं, त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, सुपरवायझर लिहवलं, आईला आणि मला आणायची परवानगी काढून दिली आणि पंपघराला लागून दोन खोल्या दिल्या. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. गढी किती वर्षांची होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेख म्हणायचा, बारा पिढ्या. रियाधहून एक प्राध्यापक आला, त्यानं पायाशी उकिडवं बसून विटांवर नख ओढलं आणि म्हणाला, वरची भिंत असेल बारा पिढ्यांची. पण ती ज्याच्यावर उभी आहे ते त्याहून फार जुनं आहे, आणि ते कुणी बांधलं हे मला विचारू नका. चहा घ्यायलाही तो थांबला नाही.

चौकोनी गढी, चार कोपऱ्यांना चार बुरूज. भिंत तळाशी इतकी जाड की जंगीच्या खाचेत मी पाय लांब करून झोपू शकत असे. जंग्या म्हणजे बाहेरच्यावर नेम धरायला भिंतीत ठेवलेल्या अरुंद फटी. बागेतून त्या नुसत्या काळ्या रेघांसारख्या दिसत, पण आत जाऊन एकीला डोळा लावला की सगळी बाग समोर: पाट, पंपघर, आमच्या दोरीवरचे कपडे, आणि दारात बसून मासे साफ करणारी आई. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून त्या बागेत मी कधीही एकटी असल्यासारखी चालले नाही. आत चौक, चौकात बुजवलेली विहीर, आणि उत्तरेच्या अंगाला खजुराची कोठी. कोठीच्या जमिनीला ओळीनं खाचा होत्या. पूर्वी खजुराच्या गोणी त्यांच्यावर छतापर्यंत रचत, गोणींच्या भारानं खालचा खजूर दबे आणि त्याचा काळा पाक खाचांतून वाहत कोपऱ्यात पुरलेल्या रांजणात जमे. या पाकाला तिकडे दिब्स म्हणतात. जिवंत माणसांपैकी कुणी त्या कोठीत गोणी ठेवलेल्या पाहिल्या नव्हत्या. तरी उन्हाळ्यातल्या भर दुपारी त्या खाचा ओल्या दिसत. मी एकदा बोट लावून चाटलं. गोड होतं.

दिवस कलला की तापलेल्या तुळया थंड होत आणि तडकल्यासारख्या वाजत. खजुराच्या खोडांच्या तुळया त्या. बाबा म्हणत, लाकूड आहे, आखडतंय, आणखी काय. पण तो आवाज आधी दरवाजावर व्हायचा, मग चौकाच्या कडेनं, मग कोठीवर, मग जिन्यात. रोज त्याच क्रमानं. एखादी बाई घरातली कामं उरकत फिरावी तसा. आई खिडकीतून ऐकायची आणि म्हणायची, "झालं हिचं आवरून. चला, आपणही जेवून घेऊ."

जेवायला तांबडा भात असायचा. अल-अहसाच्या त्या ओॲसिसात तांबडा तांदूळ पिकतो हे आईला कळलं तेव्हा ती अक्षरशः रडली होती. वाळवंटात येऊन पडल्यावर आपल्या खाडीच्या मळ्यांतल्यासारखा भात ताटात बघायला मिळेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो महाग होता, म्हणून फक्त गुरुवारी आणि शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीचे दोन दिवस. त्यावर हमूर माशाचं कालवण, गावाहून आलेल्या आमसुलांची कढी, आणि शेखच्या बागेतला खजूर. मी डावरी. डाव्या हातानं घास उचलला की आई हातावर चमचा मारायची, "अगो, तो हात कशाचा, हा कशाचा!" मी उजवा हात वापरायची आणि मनात डाव्याची माफी मागायची.

सौदायझेशन हा शब्द आमच्या घरात एखाद्या आजाराच्या नावासारखा शिरला. आधी तो रियाधला ओलायातल्या बँकांना झाला, मग जेद्दाला शराफियातल्या दुकानांना, मग खजूरबाजारातल्या कारकुनांना, आणि मग एका सकाळी आम्हाला. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायची, असा हुकूम होता. शेखनं बाबांना बोलावून सांगितलं, सुपरवायझरच्या जागेवर आता सौदीच लागतो. माझ्या बहिणीचा मुलगा येईल, फहद. तीन महिने त्याला शिकव, मग तुझा फायनल एक्झिट, कायमचं परत जायचं. वाईट वाटून घेऊ नकोस. बाबांनी वाईट वाटून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. आईनं मात्र विचारलं, "गावात जाऊन करणार काय? होड्या आता फायबरच्या झाल्या. लाकडाला हात लावतंय कोण?" बाबांच्या हातातली कला जगात एकाच ठिकाणी उपयोगाची उरली होती, आणि ते ठिकाण आमच्या खिडकीसमोर होतं.

फहद आला. वीस-एकवीस वर्षांचा, उंच, अंगात पांढराशुभ्र पायघोळ तोब, बोटात गाडीच्या किल्ल्या गरगर फिरवत. बाबांनी पहिल्या दिवशी त्याच्या हातात हातोडा दिला तर त्यानं तो फुलासारखा धरला. पण मुलगा वाईट नव्हता. बाबांना मुअल्लिम म्हणायचा, म्हणजे उस्ताद. आईच्या चहाचे तीन तीन कप प्यायचा. बाबा तुळईवर ठोकत आणि सांगत, "ऐक. इथे भरीव. इथे पोकळ, वाळवी." तो कान लावून ऐकायचा आणि हळूहळू त्याला ऐकू यायलाही लागलं. फक्त कोठीत तो कधी जायचा नाही. बाबा आत बोलवत, तो उंबऱ्यापाशी उभा राहून म्हणायचा, "मला इथून दिसतंय, मुअल्लिम."

आता माझा प्रवेश. मी बारा वर्षांची झाले होते, शाळेतल्या नाटकात मला तीन वर्षं सलग झाडाचं काम मिळालं होतं, आणि मी सूड घ्यायला तयार होते. गढीची राखण करणारा म्हातारा हज्जी जवाद यानं मला एक गोष्ट सांगितली होती. फार पूर्वी, खजूर उतरवायच्या हंगामात, गढीतले पुरुष बागांत असताना वाळवंटातून लुटारूंची टोळी आली. आतल्यांनी दरवाजा लावला. लुटारूंनी दरवाजाला हात टेकून जोर लावला. दरवाजाच्या बरोबर वर, भिंतीच्या जाडीत, एक भोक आहे. ते आजही आहे. आतल्यांनी त्यातून उकळता दिब्स ओतला. तेल निथळून जातं, पाणी निघून जातं, दिब्स चिकटतो. लुटारू पळाले, पण हातांची कातडी दरवाजावर ठेवून पळाले. हज्जीची गोष्ट इथे संपत होती. मला ती अर्धवट वाटली. ओतलं कुणी? हज्जी खांदे उडवून म्हणाला, "घरातल्यांनी." असं कुठे असतं! मी ओतणारी तयार केली. माझ्याच वयाची मुलगी, घरात एकटी, आणि डावरी, कारण एका तरी डाव्या हाताला जगात मान मिळावा अशी माझी इच्छा होती. ती उजव्या हातानं कठडा धरते आणि डाव्या हातानं ओतते. ओतून झाल्यावर ती खाली वाकून त्या माणसांना एकच गोष्ट सांगते: पुन्हा हात लावाल तर पुन्हा ओतीन.

एका गुरुवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, मी फहदला पकडलं. बाबा मागच्या बुरुजावर होते. मी शाळेतल्या अरबीत, मध्ये मध्ये इंग्रजी ठोकत म्हटलं, "तू लुटारू. इथे उभा राहा. दोन्ही तळवे दरवाजावर. जोर लाव!" तो हसत हसत उभा राहिला, तळवे टेकले, ढकलल्याचं सोंग केलं. मी आतल्या जिन्यानं वर जाऊन त्या भोकापाशी पोचले, आणि तिथून जी काय सुटले! लुटारू, घोडे, धूळ, उकळणारी कढई. फहद खालून हुंकार देत होता. "आणि मग तिनं उजव्या हातानं कठडा धरला," मी म्हटलं, "आणि डाव्या हातानं ओतलं." मी भोकातून डावा हात खाली सोडला. खालून हुंकार आला नाही. मी वाकून बघितलं. फहद वर बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, डोळे चोळले, आणि सरळ गाडीकडे गेला. मी धावत खाली उतरले, दाराला कोपर घासत बाहेर आले आणि दूर जाणाऱ्या गाडीला कमरेत वाकून नमस्कार केला. माझ्या आयुष्यातला तो पहिला यशस्वी प्रयोग.

शनिवारी तो कामावर आला नाही. त्या दुपारी शेख स्वतः येऊन बाबांशी बोलून गेला, आणि बाबा घरी आले ते मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिले. आईनं ताट वाढलं. मी दप्तर काढून बसले.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"फहद. तळव्यांना फोड आलेत, हे एवढे. तोंड सुजलंय, डोळे उघडत नाहीत. घरातले म्हणतात गढीच्या दारानं धरलं. दाराला हात लावल्यावरच झालं म्हणे." बाबांनी ताट पुढे ओढलं. "शेख म्हणतो, आता कोणी सौदी इथे पाय ठेवणार नाही. तसं ऑफिसात लिहून देतो म्हणाला. माझी जागा राहील."

आईच्या चेहऱ्यावर आनंद यायला लागला होता, तो मध्येच थांबला. "तुम्ही दाराला काय लावलंत?"

बाबा घास कालवत राहिले.

"मामूनं गावाहून आणलेला डबा कुठाय?"

"अगो, वाळवी लागली होती खालून. जायच्या आधी नीट करून ठेवावं म्हटलं. बुधवारी लावलं."

काजूच्या टरफलांचं तेल. आमच्याकडे होडीच्या लाकडाला पिढ्यान्‌पिढ्या तेच लावतात. वाळवी जवळ येत नाही. पण ओलं असताना कातडीला लागलं की बिब्बा उततो तसं उततं. फोड येतात, सूज येते, आणि तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. लावणारा आधी कोपरापर्यंत खोबरेल चोपडून घेतो.

"पंधरा दिवस कोणी हात लावू नका म्हणालो होतो मी," बाबा म्हणाले. "सगळ्या कामगारांना सांगितलं."

"कुठल्या भाषेत?"

"हिंदीत."

"धन्य आहे!"

"पण वास येत नाही का त्याला? दहा पावलांवरून कळतं, काजू आहे, लांब राहायचं. पाळण्यातल्या पोराला कळतं!"

"त्याच्या गावात काजू आहे?" आई म्हणाली.

मी डावं कोपर टेबलाखाली लपवलं होतं. शुक्रवारपासून तिथे पाण्यानं भरलेले तीन फोड होते. लपवायला मला फार उशीर झाला. आईनं हात ओढून उजेडात धरला, आणि बाबांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही. रागानं नव्हतं. होड्या बांधणाऱ्याच्या मुलीला काजूच्या तेलाचा वास ओळखता आला नव्हता. त्या घटकेला त्यांना कळलं, की आपण हिला कुठे वाढवलंय. मग मी सगळं ओकले. लुटारू, दिब्स, आणि तळवे दाराला मीच टेकवायला लावले तेही.

आईनं माझ्या कोपराला खोबरेल लावता लावता निकाल दिला. "गप्प बसायचं. आठ-दहा दिवसांत उतरेल, कुणी मरत नाही यानं. पोरगं बरं होईल, आणि तुमची जागा राहील. तुम्ही काही वाईट केलं नाही. दारानं धरलं म्हणतात ते लोक, म्हणू दे." मला ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर मला अभिमानही वाटत होता. माझी गोष्ट खरी ठरली होती, आणि वर बाबांची नोकरी वाचवत होती. दोन दिवस आम्ही गप्प बसलो. त्या दोन दिवसांत गढीकडे कोणी फिरकलं नाही, कामगारही नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बंद दार दिसायचं, आणि तेलामुळे ते काळं आणि चकचकीत झालं होतं, नुकतंच जेवून तोंड पुसायचं राहिल्यासारखं. कारण ठाऊक असूनही मी त्या खिडकीकडे पाठ करून अभ्यास करायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी हज्जी जवाद दारात आला. तो आत कधी यायचा नाही, उंबऱ्यावर बसून पाणी प्यायचा. "उद्या सकाळी डाग देणार," तो म्हणाला. तिकडे जुन्या लोकांत तापलेल्या लोखंडानं डागायचा इलाज होता. "दोन्ही तळव्यांवर. दारानं जिथे धरलंय तिथे. त्याशिवाय सोडणार नाही म्हणतात. डागणारा आज रात्री मुक्कामाला येतोय."

हज्जी गेला. बाबांनी पायात चपला घातल्या.

"अहो," आई म्हणाली, फक्त एवढंच.

"त्याला आता कुठे लाकूड ऐकू यायला लागलंय," बाबा म्हणाले. "हात गेले तर ठोकणार कशानं?" त्यांनी तेलाचा डबा उचलला, आणि मला म्हणाले, "तू पण चल. कोपर दाखवायला."

फहदचं घर शेखच्या घराला लागूनच होतं. बाबा डबा घेऊन पुरुषांच्या बाजूला गेले, मला एका मोलकरणीनं बायकांच्या खोलीत नेलं. तिथे फहदची आई होती, चार-पाच बायका होत्या, आणि मध्ये गादीवर त्याची आजी, शेखची आई. ती इतकी बारीक होती की चादरीत बाई कमी आणि घड्या जास्त. मी बाही वर करून कोपर दाखवलं. सांगितलं की जिन नाही, झाडाचं तेल आहे, मलाही झालंय, माझ्या आईनं नारळाचं तेल लावलं, बघा, सुकायला लागलंय. बायका कोपराकडे बघत, माझ्याकडे बघत, आणि मला स्पष्ट दिसत होतं की त्यांना फहदकडून ऐकलेली माझी पहिली गोष्ट जास्त आवडली होती. शेवटी मी म्हटलं, "ती मुलगी वगैरे मी मनानं घातलं. खोटं आहे ते. मी रचलं."

फहदची आई म्हणाली, "काय काय रचलंस?"

"मुलगी. आणि ती डाव्या हातानं ओतते ते."

खोलीत एकदम कुणाच्या बांगड्याही वाजेनात. आजीनं मला जवळ बोलावलं. तिच्यासमोर ताटलीत पोळी होती आणि पितळेच्या चोचीच्या भांड्यात दिब्स. तिनं ते भांडं उचललं. डाव्या हातानं. ज्या देशात डाव्या हातानं कुणी पाण्याचा पेला पुढे करत नाही तिथे त्या बाईनं डाव्या हातानं, अगदी सावकाश, पोळीवर दिब्सची धार धरली आणि ताटली माझ्यासमोर ठेवली.

"या घरातल्या बायका दिब्स याच हातानं ओततात," ती म्हणाली. "माझ्या सासूनं मला शिकवलं, तिला तिच्या सासूनं. का, ते बाहेरच्याला सांगायचं नसतं. घरातले पुरुष सोडले तर कुणाला माहीत नाही. जवादलाही नाही." मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे, एखादी ओळखीची खूण शोधावी तसं, बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

"बरं," आजी म्हणाली. "खा."

मी खाल्लं. फहद त्या दिवशी माझ्या अभिनयानं पांढरा पडला नव्हता हे मला तो घास गिळताना कळलं, आणि खरं सांगते, त्या भीतीतही थोडं वाईट वाटलं. लोक मला विचारतात, तुझ्या कानावर आधी कधीतरी पडलं असेल, कुणाला तरी तसं ओतताना पाहिलं असशील. असेलही. मी तीस वर्षं शोधते आहे, मला काही आठवत नाही. परवा भाच्यानं संगणकावर उपग्रहाचं चित्र काढून दिलं. दोन बुरूज ढासळलेत, एक नव्या रस्त्याच्या भरावाखाली गेलाय, चौथा उभा आहे. भाचा म्हणाला, बघ आत्या, तुझं दार दिसतंय का. वरून बघितलं तर दार दिसत नाही. त्या भोकातून बघणाऱ्यालाच दिसतं.

परतताना बाबांनी थोडक्यात सांगितलं. शेखनं डबा उघडून वास घेतला, डागणाऱ्याला निरोप पाठवून परत लावलं, आणि बाबांचा हात हातात धरून विचारलं, "तू गप्प बसला असतास तर इथेच राहिला असतास. माहीत होतं?"

"माहीत होतं," बाबा म्हणाले होते.

शेखला वाईट वाटलं. पण सौदी मुलगा बरा होणार होता आणि त्याला कामावर यायला अडचण उरली नव्हती, तेव्हा ऑफिसात लिहून देण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ठरलेल्या महिन्याच्या शेवटी आमचा एक्झिट. घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. कालवण गरम केलं, वाढलं, आणि मग फडताळातून गावाहून आणलेल्या खोबरेलाची शेवटची बाटली काढून माझ्या हातात दिली. "दिवसातून तीनदा म्हणावं. आणि डोळ्यांत जाऊ देऊ नको म्हणावं."

फहद पंधरा दिवसांनी आला. तळव्यांवर नवी गुलाबी कातडी होती. यावेळी त्यानं हातोडा फुलासारखा धरला नाही. उरलेल्या आठवड्यांत बाबांनी त्याला जेवढं देता येईल तेवढं दिलं. तुळई ऐकायची कशी, गिलाव्याच्या मातीत भुसा किती, खोबरेल कुठपर्यंत चोपडायचं. प्रत्येक गोष्टीला फहद विचारायचा, हे कशामुळे, आणि बाबांकडे प्रत्येकाचं उत्तर असायचं. आवाज आला तर लाकूड. ओल दिसली तर दमट वारा. तो कोठीतही जायला लागला. मी मात्र गोष्टी सांगणं बंद केलं होतं.

निघायच्या दिवशी, ऊन कलल्यावर, बाबांना एकदा गढी बंद करून जायचं होतं. आई सामानासह पिकअपमध्ये बसली होती. दरवाजाची दोन्ही दारं आतून लोटून घ्यायची आणि मोठ्या दारातल्या छोट्या दिंडी दरवाजातून बाहेर पडायचं, अशी रीत. आत एक जुना अडसर होता, बाभळीचा अख्खा वासा. तो भिंतीत सरकवायला दोन माणसं लागत, म्हणून तो नुसता कोपऱ्यात टेकवून ठेवत. बाबांनी चौक बघितला, कोठी बघितली, जिना बघितला, आणि हाक मारून सगळ्यांना बाहेर काढलं. मी, फहद, हज्जी, आणि शेवटी बाबा. दिंडीला फहदनं कुलूप घातलं. आम्ही पिकअपकडे वळलो.

आत लाकूड सरकलं. जड, सावकाश, दगडावर घासत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि खाचेत बसलं.

बाबा परत गेले. त्यांनी मोठ्या दाराला तळवा टेकून ढकललं. नेहमी ते कुरकुरत चार बोटं आत जायचं. ते हललं नाही. दिंडीचं कुलूप काढून आत बघावं असं कुणी सुचवलं नाही. हज्जी जमिनीकडे बघत होता. पिकअपमधून आईनं विचारलं, काय झालं.

"मुअल्लिम," फहद हळूच म्हणाला, "आणि हे कशाचं तेल?"

बाबांनी तळवा दारावरून काढला, उलटा करून बघितला, आणि सरळ त्याच्याकडे वळले. शेखसमोर बसून नोकरी घालवताना त्यांचा आवाज कसा निघाला असेल, ते मला तेव्हा कळलं.

"हे मला माहीत नाही, बेटा," ते म्हणाले.